चौथऱ्यापर्यंतचं गवत

माझा मुलगा प्रबुद्ध बायको आणि मुलीला घेऊन हैदराबादला राहायला गेला, ते वर्ष दोन हजार तेवीस. वर्ष पक्कं लक्षात आहे, कारण जाताना त्यानं टीव्ही नेला, मिक्सर नेला, नातीची, दर्शनाची, सायकल नेली, पण भिंतीवरचं कॅलेंडर ठेवून गेला. ते मी अजून काढलेलं नाही. त्यावर जूनचंच पान आहे. पुढची पानं उलटायला कुणाची हरकत नव्हती, पण राहिलं.

ही गोष्ट मात्र हैदराबादची नाही. मुलुंडची आहे आणि गोचिडाची आहे.

आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत डोंगराचा पायथा लागतो. तिथून एक पायवाट आत जाते. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत आणि शेवटी सिमेंटचा एक चौथरा. त्या चौथऱ्याखाली जुन्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. मी पाणी खात्यात चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: तुमच्या नळाला सकाळी पाणी येतं ते आपोआप येत नाही. कुणीतरी रस्त्यावर उभं राहून पुरुषभर उंचीची लोखंडी चावी फिरवतो, तेव्हा येतं. तीस वर्षं अर्ध्या मुलुंडनं माझ्या मनगटाच्या जोरावर आंघोळ केली. याबद्दल कुणी कधी आभार मानले नाहीत. पाणी गेलं की मात्र आईवरून शिव्या यायच्या. असो. तो व्हॉल्व्ह आता कायमचा बंद आहे. मीही बंद आहे. त्यामुळे आमचं एकमेकांशी बरं जमतं.

रोज सकाळी सहाला मी आणि बाळ त्या चौथऱ्यावर जाऊन बसायचो. बाळ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा बाळ देवस्थळी, विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि त्याच्या मते तीस वर्षांनी शहाणा. मी पन्नाशीत लिहायला-वाचायला शिकलो ते त्याच्याकडूनच आणि त्याच चौथऱ्यावर. तो कोळशानं सिमेंटवर अक्षर काढायचा आणि मी त्याच्यावर बोट फिरवायचो. मराठी झाल्यावर तो म्हणाला, "इंग्रजी पुढच्या वर्षी करू." तेवीस वर्षं तो हेच म्हणत होता.

चौथऱ्यावर आम्ही काय करायचो? काही नाही. तो पेपरातली बातमी वाचायचा, मी तीच बातमी पुन्हा वाचायचो, आणि मग ती खोटी आहे यावर आमचं एकमत व्हायचं. माझी बायको शकु गेल्यापासून आणि प्रबुद्ध हैदराबादला गेल्यापासून दिवसभरात माझं तोंड उघडायचं ते सकाळी सहा ते आठ. बाकी वेळ ते जेवणासाठी होतं.

ऑक्टोबरात एक दिवस बाळनं चौथऱ्यावर पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हणाला, "राजा, हे बघ काय आलंय."

गुडघ्याच्या मागच्या खळग्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा करडा फुगीर दाणा होता. मी चष्मा लावून पाहिला.

"मस आहे," मी म्हणालो.

"तीन दिवसांत एवढा?"

"म्हातारपणी सगळं भराभर होतं. चुना लाव. आमच्या गावी सगळे लावायचे."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः डबीतून चुना नेला आणि त्या मसाला व्यवस्थित, देवळाला लावावा तसा, पांढरा रंग दिला. दोन मिनिटं गेली. मग मसानं पाय हलवले. एक नाही, सगळे.

"राजा," बाळ शांतपणे म्हणाला, "मसाला पाय असतात का रे?"

घरी गेल्यावर त्याच्या सुनेनं, रेवतीनं, तो प्रकार पाहिला. रेवती शाळेत गणित शिकवते आणि घरातही तेच शिकवते. तिनं बाळला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढून काढला आणि विचारलं, "चुना कुणी लावला? डिवचलं की हा आत आणखी घाण सोडतो." बाळनं माझं नाव सांगितलं नाही. पण रेवतीला गणित येतं.

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. "तायडेकाका, बाबांचं डोंगरावर जाणं बंद. साखरेचं दुखणं आहे त्यांना, उगाच ताप-बिप आला तर निस्तरायचं कुणी? उद्यापासून ते पार्किंगमध्ये चालतील. वीस फेऱ्या."

"आणि मी?"

"तुम्हाला मी कोण थांबवणार?"

हे तिनं सरळ मनानं म्हटलं होतं. पण ऐकायला बरं वाटलं नाही. खरंच, मला थांबवणारं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी मी एकटा चौथऱ्यावर गेलो. पेपर उघडला, बातमी वाचली. ती खोटी आहे हे मला एकट्याला ठरवता येईना. पेपर घडी करून परत आलो. खाली पार्किंगमध्ये बाळ खांबांना वळसे घालत होता. त्याच्या मनगटावर मुलानं, देवव्रतनं, दिलेलं नवं घड्याळ होतं. ते पावलं मोजायचं आणि बाळ अर्धं मिनिट जरी थांबला तरी वर रेवतीच्या मोबाइलवर चुगली करायचं. त्यामुळे तो माझ्याशी बोलायचा तो चालता चालता, अन् तेही एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत.

"राजा, काय बातमी?"

मी सांगायला तोंड उघडेपर्यंत तो गाड्यांच्या पलीकडे.

चार दिवस मी हे सोसलं. पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर जाऊन रेवतीला म्हणालो, "गोचीड लागू नये याचा उपाय असतो. मी शोधतो. आधी माझ्यावर करून बघतो. रोज त्याच गवतातून जाईन. पंधरा दिवस एकही गोचीड लागला नाही तर बाळला सोडशील?"

तिनं क्षणभर विचार केला. "पंधरा दिवस. रोजची नोंद. एक जरी निघाला तर विषय संपला."

आत सोफ्यावर बाळ पेपर वाचत होता. पेपर उलटा होता.

आता उपाय शोधायचा म्हणजे लोकांना विचारायचं, आणि लोकांना विचारायचं म्हणजे संपलंच. पहिल्या मजल्यावरच्या प्रेमाताई मूळच्या मालवणच्या. त्यांनी गॅलरीतूनच निकाल दिला: "अरे राजारामा, करंजेल लाव. गोचीड सोड, तेचो बापूसय जवळ येवचो नाय." मी करंजाचं तेल लावलं. गोचीड तर सोडाच, लिफ्टमध्ये माणूसही जवळ येईना. सेक्रेटरीनं कापूर खिशात ठेवायला सांगितलं. वॉचमननं तंबाखूचं पाणी सुचवलं, पण त्याच्या डोळ्यांत असा भाव होता की तंबाखू मी आणावी आणि मळून त्यानं खावी. प्रबुद्धला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, जाताच कशाला तिकडे? घरात बसा ना आरामात." घरात बसून काय होतं ते त्याला ठाऊक नसावं. त्याच्या घरात तिघं असतात.

मग वाटलं, मुळावरच घाव घालू. गवतच कापून घेऊ. मी तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. कुठल्या खिडकीवर जायचं हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार? एका ऑफिसात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पेन्शन घ्यायची आहे. अर्ज माझ्या हातानं लिहिला होता, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत.

पहिल्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "डास आमच्याकडे. उंदीर आमच्याकडे. गोचीड जनावरांच्या डॉक्टरकडे."

जनावरांच्या डॉक्टरकडे विचारलं तर म्हणाले, "गोचीड जनावरावर होता का?"

"नाही, माणसावर. विम्यातला निवृत्त अधिकारी."

"मग आमचा नाही. आरोग्याकडे जा."

आरोग्यवाल्या बाई भल्या होत्या. "पेशंटला ताप आहे का?"

"नाही."

"मग ताप आल्यावर या."

गवत कुणाचं, हा प्रश्न तर त्याहून अवघड निघाला. पायवाटेच्या डाव्या हाताचं पाणी खात्याचं, उजव्या हाताचं जंगल खात्याचं. गोचीड नेमका कुठल्या हाताच्या गवतातला, हे अर्जात लिहिलेलं नव्हतं म्हणून अर्ज अपुरा ठरला. वर क्लार्क म्हणाला, "आजोबा, हे कुणाकडून तरी टाइप करून आणा. हातानं लिहिलेलं आता चालत नाही." अर्ज घडी करून खिशात ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे. अक्षर चांगलं आहे त्याच्यातलं.

शेवटी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार सुशांत सरळ माणूस.

"काका, डासांचं मलम देऊ?"

"गोचिडाला चालतं?"

"यात औषध कमी असतं. थोडा वेळ चालेल, मग उतरेल. तुम्ही गवतातून जाणार ना? मग दोन गोष्टी लागतात. एक अंगाला, एक कपड्यांना. ट्रेकिंगवाल्यांकडून मागवून देतो."

आठ दिवसांनी दोन बाटल्या आल्या. एकीचं बूच हिरवं, एकीचं निळं. सूचना दोन्हींवर होत्या, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. इंग्रजी तर पुढच्या वर्षी करायचं होतं. सुशांतला विचारलं असतं तर त्यानं वाचून दाखवल्या असत्या. पण इंग्रजी कागद मी तेवीस वर्षं फक्त बाळकडे नेले होते. लाइटचं बिल, बँकेचं पत्र, शकुच्या हॉस्पिटलचे रिपोर्ट, सगळं. दुसऱ्या कुणाकडे नेणं बरं दिसलं नसतं. आम्हा दोघांचीच ही रीत, आणि पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

मी बाटल्या घेऊन पार्किंगमधल्या बाकावर बसलो. बाळ फेरीवर होता. थांबला तर घड्याळ बोंबलणार. म्हणून ठरलं ते असं की प्रत्येक फेरीला बाकाजवळून जाताना त्यानं बाटली उचलायची, एक सूचना वाचायची, बाटली ठेवायची आणि पुढे जायचं.

पहिली फेरी. हिरवं बूच. "उघड्या कातडीवर पातळ थर द्यावा. कपड्यांच्या आत लावू नये."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली म्हणजे कातडी उघडी झाली, आणि पातळ थर दिला.

दुसरी फेरी. "चेहऱ्यावर सरळ मारू नये. हातावर घेऊन लावावं. डोळे सांभाळावेत."

तेही केलं.

तिसऱ्या फेरीला त्यानं निळी बाटली उचलली. "सहा इंचांवरून फवारावं. ओलं होईपर्यंत."

मी दोन्ही नडग्या सहा इंचांवरून ओल्या केल्या.

चौथ्या फेरीला सेक्रेटरी मध्ये आला आणि सूचना बुडाली. पाचव्या फेरीला बाळ वाचून गेला, "पूर्ण सुकेपर्यंत दोन तास टांगून ठेवावं." पाय कसे टांगायचे हे मला कळेना, पण इंग्रज लोक शिस्तीचे, काहीतरी कारण असेल म्हणून मी बाकावर आडवा झालो आणि दोन्ही पाय शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

सहावी फेरी. "फक्त कपड्यांसाठी. कातडीला लावू नये." त्यानं बाटली ठेवली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "राजा, लावलंस?"

"सुकत आलंय."

"अरे धू! वाट लागली! साबणानं धू!" हे तो चालता चालता ओरडत होता, त्यामुळे शेवटचा 'धू' तिसऱ्या खांबामागून आला.

नडग्यांवर मुंग्या फिरल्यासारख्या व्हायला लागल्या होत्या. मी पार्किंगच्या नळाकडे धावलो. नळाला पाणी नव्हतं. ज्या माणसानं तीस वर्षं मुलुंडला पाणी सोडलं त्याला मुलुंडनं आयत्या वेळी हे दिलं. शेवटी वॉचमननं गाड्या पुसायची बादली दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण गडबडीत मी औषधाच्या बोटांनी चष्मा पुसला. हिरव्या बुचाचं औषध प्लास्टिक खातं, ही सूचना नवव्या फेरीला होती. आम्ही सहाव्या फेरीला थांबलो होतो. काचा दुधासारख्या झाल्या आणि दांडी बोटाला चिकटायला लागली. किती वाजले ते दिसेना म्हणून मी बाळचं मनगट धरून घड्याळ डोळ्यांजवळ ओढलं.

संध्याकाळी रेवती खाली आली. हातात ते घड्याळ. त्याचा पट्टा मऊ पडला होता आणि त्यावर एक स्वच्छ ठसा होता, रेघा मोजाव्यात इतका.

"काका, हा तुमचा अंगठा आहे का?"

पन्नासाव्या वर्षी मी सही शिकलो ती अंगठा सुटावा म्हणून. आणि त्र्याहत्तराव्या वर्षी परत उठवला तो देवस्थळींच्या घड्याळावर. मी म्हणालो, "हो, माझाच." दुसरं काय म्हणणार? पुरावाच होता.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. पण अटही मागे घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही बाटल्यांवरचं सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर लिहून दिलं. नवा चष्मा यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस मला पेपर नाही, पान नाही, काही नाही. घरात मी आणि जूनचं कॅलेंडर. तेसुद्धा धूसर.

कपडे हवेत फिकट रंगाचे, म्हणजे गोचीड चालताना दिसतो, असं पानावर होतं. माझ्याकडे फिकट म्हणजे बुद्धपौर्णिमेला आणि सहा डिसेंबरला घालायचा पांढरा सदरा आणि पांढरी पँट. त्यांना निळ्या बाटलीचं औषध मारून गच्चीवर वाळत टाकले. दुपारपर्यंत नोटीसबोर्डावर कागद लागला: 'गच्चीवर विषारी कपडे वाळत घालू नयेत. हुकमावरून.' तो कागद टाइप केलेला होता.

नोव्हेंबरच्या सोळा तारखेला परीक्षा सुरू झाली. पांढरे कपडे, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, हातांना आणि मानेला हिरवं औषध. फाटकाशी पोहोचतो तोच प्रेमाताईंची गॅलरीतून हाक, "राजारामा, कोण गेलो रे?"

"कुणी नाही! फिरायला चाललोय!"

"मगे असो मयताक निघाल्यासारखो कित्याक?"

त्यानंतर त्या रोज तेच विचारायच्या. आधी राग यायचा. नंतर मी वाट बघायला लागलो. सकाळी पहिलं बोलणारं तेवढंच माणूस होतं.

चौथऱ्यावर जाऊन मी दहा मिनिटं बसायचो. व्हॉल्व्हच्या झाकणावर हात ठेवायचो. पाणी वाहत असलं की लोखंड थरथरतं, ते मला तळहाताला कळतं. आता थरथर नव्हती. मग परत येऊन औषध साबणानं धुवायचं आणि अंग तपासायचं. काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे. सगळं जमलं. पण रेवतीच्या पानावर पुढची ओळ होती: 'पाठ दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी.'

मी ती ओळ वाचली आणि पान उलटून पाहिलं. ज्याच्या घरात दुसरं कुणी नाही त्यानं काय करावं, ते मागे कुठे लिहिलंय का म्हणून. मागे कोरं होतं.

दोन आरसे लावून पाहिलं. दोन्हींत माझाच चेहरा दिसायचा, थकलेला आणि मान मोडलेला. मग प्रबुद्धला व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल फडताळावर टेकवून पाठ फिरवली.

"बाबा! शर्ट घाला! मीटिंगमध्ये आहे मी!"

"काही चिकटलंय का ते बघ फक्त."

"कुठे काय? दिसत नाहीये, अंधार आहे... बाबा, सगळे बघतायत. नंतर करतो."

नंतर म्हणजे रविवारी केला. तोवर तीन दिवस माझी पाठ कुणी पाहिली नव्हती. नोंदीत मी तीन शून्यं लिहिली होती, पण ती पोटाच्या बाजूची होती.

हे बाळला खांबाखांबांतून सांगितलं. तो म्हणाला, "उद्या सव्वासातला. निळ्या गाडीमागे."

तेव्हापासून रोज सव्वासातला मी निळ्या गाडीमागे सदरा काढून उभा राहायचो. बाळ यायचा. घड्याळ बोंबलू नये म्हणून एकाच जागी लेफ्ट-राइट करत राहायचा आणि तसाच कवायत करत माझी पाठ तपासायचा. हातात डॉक्टरांकडून मागून आणलेला चिमटा, डोळ्यांना चष्मा, पाय वर-खाली. एकदा सेक्रेटरी गाडी काढायला आला. त्यानं एक उघडा म्हातारा पाहिला, त्यामागे कदमताल करणारा दुसरा म्हातारा पाहिला आणि त्या दिवशी तो रिक्षानं गेला.

"साफ," बाळ म्हणायचा. "शून्य."

रोज तीन मिनिटं. पण तेवढ्यात बातमी होऊन जायची, आणि ती खोटी आहे हेही ठरायचं.

चौदाव्या दिवशी त्याचं बोट माझ्या उजव्या खांद्याखाली थांबलं. पायही थांबले.

"काय रे?" मी विचारलं.

"तीळ आहे."

"माझ्या पाठीवर?"

"हो. तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आहे. चांगला मोठा आहे." मग बारीक चिमटा बसला.

"अरे, टोचतोस कशाला?"

"माती होती वर. काढली." त्याचे पाय पुन्हा सुरू झाले. "साफ. शून्य."

त्र्याहत्तर वर्षं माझ्या पाठीवर तीळ होता आणि मला पत्ता नाही. शकुनंही कधी सांगितलं नाही. कदाचित तिला वाटलं असेल, मला माहीतच असेल. दिवसभर मला त्या तिळाचं कौतुक वाटत राहिलं. रविवारी हैदराबादला फोन करून सांगितलंसुद्धा. दर्शना म्हणाली, "आजोबा, छान."

पंधराव्या दिवशी मी वही घेऊन रेवतीकडे गेलो. पंधरा शून्यं. तिनं एकेक शून्य पाहिलं, जणू त्यांत फरक असतो. मग बाळकडे पाहिलं. बाळ पेपर वाचत होता. या वेळी सुलट.

"रविवारपासून," ती म्हणाली. "आणि बाबा, मोजे."

तीन डिसेंबरच्या रविवारी आम्ही दोघं मागच्या फाटकातून निघालो. दोघंही पांढऱ्यात, दोघांच्याही पँटी मोज्यांत, दोघांनाही तोच वास. प्रेमाताई गॅलरीत होत्या. "मेल्यांनो, आता दोघे! कोण गेलो रे?" बाळनं खालून सलाम ठोकला. चौथऱ्यावर पोहोचल्यावर त्यानं पेपर उघडला, बातमी वाचली आणि माझ्याकडे दिली. मी वाचली. "खोटी," आम्ही म्हणालो. परत येताना तो म्हणाला, "राजा, इंग्रजी नव्या वर्षात सुरू करू. बाटलीवरचं तरी तुला वाचता आलं पाहिजे."

दोन महिने आम्ही रोज गेलो. परतल्यावर मी त्याची पाठ बघायचो, तो माझी. एकही गोचीड नाही. जानेवारीत त्यानं सिमेंटवर कोळशानं इंग्रजीतली पहिली पाच अक्षरं काढली. पाचव्याशी मी अडलो. तो म्हणाला, "घाई नाही."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सहा वाजता मी फाटकाशी उभा होतो. पांढरे कपडे, मोजे, औषध. सव्वासहा झाले. प्रेमाताई गॅलरीत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं.

कपडे बदलावे लागले नाहीत.

डॉक्टरांना मी दोनदा विचारलं की गोचिडाचा याच्याशी काही संबंध आहे का. ते दोन्ही वेळा नाही म्हणाले. हृदयच होतं, झोपेत.

तेराव्यानंतर रेवती खाली आली. तिच्या हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची चिमुकली काचेची बाटली होती. "बाबांच्या कपाटात होती. यावर तुमचं नाव आहे."

बाटलीत स्पिरिट होतं आणि त्यात एक करडा ठिपका, पाय पोटाशी घेतलेला. बाटलीला कागद चिकटवला होता. अक्षरं मोठी आणि सुटी, मला शिकवताना सिमेंटवर काढायचा तशी. मी ती वाचली. 'राजाच्या पाठीवरचा. दिवस चौदावा. रेवतीला सांगू नये. राजालाही.'

मी मान वर करीना.

"काका," रेवती म्हणाली, "मी गणिताची बाई आहे. पंधरापैकी पंधरा शून्यं मी खरी धरली असतील असं वाटलं तुम्हाला? बाबा पार्किंगमध्ये कसे चालायचे ते मी वरून रोज बघत होते." ती जिन्याकडे वळली. मग थांबून म्हणाली, "पाठ बघायची असेल तर हाक मारा. मी साडेसात वाजेपर्यंत घरी असते."

घरी येऊन मी दोन आरसे लावले. नवा चष्मा होता, उजेड चांगला होता. उजव्या खांद्याखाली पुष्कळ वेळ पाहिलं. तीळ नाही. कधी नव्हताच.

बाटली मी कॅलेंडरखालच्या फळीवर ठेवली आहे. निळ्या आणि हिरव्या बुचांच्या बाटल्यांमध्ये अजून थोडं औषध आहे. चौथऱ्यावर मी जातो. इंग्रजीची पाच अक्षरं तिथे होती, ती पावसानं गेली.

बाळ केशव देवस्थळी, वय शहात्तर, राहणार मुलुंड पश्चिम, सोमवार, पाच फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी पहाटे राहत्या घरी वारला.